जानेवारीत निघून गेलेला पॉइंट गार्ड

बंड्या_ओहायोवाला

मुलगा इथल्या एका लहानशा, पण डिव्हिजन वन म्हणजे सर्वात वरच्या स्तरावर खेळणाऱ्या कॉलेजात बास्केटबॉल संघाचा स्टुडंट मॅनेजर आहे. म्हणजे खेळत नाही. टॉवेल धुणं, बाटल्या भरणं, सरावाचं शूटिंग करणं आणि पहाटे पावणेसहाला जिमचं कुलूप काढणं ही त्याची कामं. मागच्या सोमवारी त्यांच्या पॉइंट गार्डने (संघाचा खेळ चालवणाऱ्याने) ग्रुपवर दोन ओळी टाकल्या, 'मी संघ सोडतोय, तुम्ही सगळे माझे भाऊ आहात', आणि गेला. स्प्रिंग सेमिस्टर सुरू होऊन चार दिवस, कॉन्फरन्सचे, म्हणजे आपल्या गटातल्या कॉलेजांशी होणारे, सामने नुकतेच लागलेले. लॉकर रिकामं करायचं काम अर्थातच आमच्या चिरंजीवांकडे आलं. आत काय, तर बुटांचे दोन जोड, घोट्याला गुंडाळायची चिकटपट्टी आणि अर्धी संपलेली पीनट बटरची बरणी. चमचा आतच.

दोघं आधीच गुडघे धरून बसलेत. हा गेल्यावर धडधाकट उरले नऊ. नऊ जणांत पाचास पाच सराव होत नाही, म्हणून दहावा गडी म्हणून असिस्टंट कोच उतरला. वय ४३. दुसऱ्याच दिवशी मांडीचा स्नायू धरून बाकावर. ऐकून मीही हसलो, पण त्या नऊ जणांनी काय करायचं?

संघ बदलायला माझी ना नाही. अंतिम सामना झाला की एप्रिलमध्ये पुरुषांच्या बास्केटबॉलचं पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदणी, १५ दिवस उघडतं. त्यात नाव टाका आणि सुखाने जा. पण भरल्या पंगतीतून उठून जायचं नाही.

जॉर्जटाउन विद्यापीठाचं आठवतंय का? २०१९चा डिसेंबर. जेम्स अकिंजो, आदल्या वर्षीचा बिग ईस्ट कॉन्फरन्समधला सर्वोत्तम नवखा खेळाडू, हंगामाचे ७ सामने झाल्यावर बाहेर पडला. त्याच दिवशी आणखी एक जणही गेला. कोच कोण, तर पॅट्रिक यूइंग, जो स्वतः त्याच जॉर्जटाउनमध्ये चार वर्षं खेळला आणि १९८४ला विजेतेपद घेऊन आला. तेव्हा संघाचा हिशोब होता ४ विजय, ३ पराभव. उरलेल्यांनी पुढचे सलग ६ सामने जिंकले. मला ती उरलेली पोरं आवडतात. त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही.

नागपुरी_संत्रं

बंड्याभाऊ, काहून एवढे तापले? ते ६ विजय सांगितले, हंगामाचा शेवट नाही सांगितला. १५ विजय, १७ पराभव! सहा सामने जोशात निघतात, मग पायात गोळे येतात. शेवटी शेवटी त्यांच्याकडे खेळायला माणसंच उरली नव्हती.

आणि अकिंजोचं काय वाईट झालं? ॲरिझोनात गेला, २०२०-२१चा हंगाम पहिल्या सामन्यापासून खेळला, तिथे कॉन्फरन्समधल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या पहिल्या संघात निवड. पुढच्या वर्षी बेलर, तिथेही पहिल्या संघात. म्हणजे पोराला आपली किंमत बरोबर ठाऊक होती.

मीनल_इन_मिशिगन

पंगतीचं उदाहरण छान आहे, पण त्याच्या ताटात काही वाढलंच नव्हतं तर? उपाशी माणसाने बाकीच्यांचं जेवण होईपर्यंत मांडी घालून बसायचं का?

मला या सगळ्यात राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. कोच मधेच गेला तर आपण त्याला 'करिअर' म्हणतो. पोरगा गेला तर 'पळाला'. लेन किफिनचं ताजं आहे. अमेरिकन फुटबॉलचा कोच आहे, मान्य, पण तत्त्व तेच. ३० नोव्हेंबर २०२५ला मिसिसिपी विद्यापीठ सोडून एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) गेला. संघ ११ सामने जिंकून प्लेऑफच्या दारात उभा होता, दारात! त्याला कुणी वर्षभर घरी बसवलं का? बास्केटबॉलमध्ये कोच जॉन कॅलिपरी २०२४ला केंटकी सोडून आर्कान्साला गेला, निदान हंगाम संपल्यावर गेला. पण ज्या पोरांना त्याने घरी जाऊन, आईच्या हातचं खाऊन शब्द दिला होता, त्यांचं काय?

आणि हा जुना जाच विसरू नका. २०१८च्या ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पोर्टल येईपर्यंत, दुसऱ्या कॉलेजशी बोलायलाही आधीच्या कॉलेजची परवानगी लागायची. कोच यादीच द्यायचे, इथे जायचं नाही, तिथे जायचं नाही. वर बदली केली की एक वर्ष नुसतं सरावाला. २०२१ला पहिल्या बदलीपुरतं ते गेलं, पूर्ण गेलं २०२४च्या एप्रिलमध्ये, तेही सात राज्यांनी कोर्टात खेचल्यावर.

सहज_सुचलं

मीनलताई, कोच वाईट वागतो म्हणून पोरानेही वागावं, हा युक्तिवाद माझ्या आईने चौथीतच निकालात काढला होता.

रजिस्ट्रारबाई

मी एका विद्यापीठात खेळाडूंच्या अभ्यासाचं बघते (कुठल्या ते विचारू नका), त्यामुळे थोडं रुक्ष बोलते.

बंड्यादादा, तुमच्या त्या पॉइंट गार्डला या हंगामात दुसरीकडे एक मिनिटसुद्धा खेळता येणार नाही. बास्केटबॉलमध्ये एकाच हंगामात दोन कॉलेजांकडून खेळता येत नाही. फुटबॉलवाल्यांना चार सामने खेळूनही हंगाम वाचवायची सोय आहे, बास्केटबॉलला नाही. नोव्हेंबरात अर्धं मिनिट उतरलात तरी हंगाम खर्ची पडला. मोठी दुखापत झाली तर गोष्ट वेगळी, त्यालाही अटी आहेत: हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात झालेली हवी, आणि ३० टक्क्यांपेक्षा जास्त सामने खेळलेले नकोत.

मग जानेवारीत जाऊन मिळतं काय? नव्या ठिकाणी एक सेमिस्टर लवकर. वेटरूम, प्लेबुक, सराव, नव्या कोचची नजर. आणि अभ्यास, ज्याबद्दल इथे अजून कुणी अवाक्षर काढलेलं नाही. दुसरं वर्ष संपताना पदवीचा ४० टक्के भाग, तिसरं संपताना ६० आणि चौथं संपताना ८० टक्के पूर्ण नसेल तर खेळता येत नाही. बदली केली की सगळे क्रेडिट नव्या पदवीत बसत नाहीत. माझ्यासमोर एक उंचच्या उंच मुलगा बसला होता, खुर्चीत गुडघे मावत नव्हते. त्याचे ५१ क्रेडिट होते. नव्या अभ्यासक्रमात त्यातले २७ धरले गेले. 'म्हणजे मी पुन्हा पहिल्या वर्षाला?' असं त्याने विचारलं. जवळपास तसंच होतं. त्याला पोर्टलबद्दल सगळं माहीत होतं, हे एवढं सोडून.

क्वेड ग्रीन आठवतो? केंटकीतून २०१८च्या डिसेंबरात, असाच मधेच निघाला. वॉशिंग्टनला गेला, तिथे रीतसर सूट मिळाली, संघ मस्त चालला होता. २०२०च्या जानेवारीत अभ्यासामुळे अपात्र ठरला. तो बसला आणि वॉशिंग्टन कॉन्फरन्सच्या तळाला गेलं.

नागपुरी_संत्रं

बाई, मानलं. पण कोर्टाने मधेच दार उघडलं तर खेळता येतं की. वेस्ट व्हर्जिनियाचा रेक्वान बॅटल! दुसरी बदली होती म्हणून त्याला बसवलं होतं. २०२३च्या डिसेंबरात फेडरल न्यायाधीशांनी नियमालाच मनाई हुकूम दिला आणि आठवड्याभरात गडी मैदानात.

रजिस्ट्रारबाई

तो मधेच *खेळायला लागला*, मधेच *संघ बदलला* नाही. त्या हंगामात दुसऱ्या कुणाकडून उतरला नव्हता. फरक आहे.

दादरकर_जर्सीत

(न्यू जर्सीतला. कपड्यातला नव्हे.)

इतकं अमेरिकेचं कौतुक आणि चीड चाललीये, आपल्याकडे काय आहे ते बघा. यशस्वी जयस्वालने २०२५च्या एप्रिलमध्ये मुंबई सोडून गोव्याकडून खेळायला एनओसी मागितली, मिळाली, मग त्याचंच मन बदललं आणि मुंबईतच राहिला. पृथ्वी शॉ त्याच वर्षी महाराष्ट्राकडे गेला. अर्जुन तेंडुलकर २०२२ला गोव्याला. हे सगळं हंगामाच्या बाहेर, कागद हातात घेऊन. आपल्या रणजीत मधेच उठून दुसऱ्या संघाच्या ड्रेसिंगरूममध्ये कोण जातो? मूळ असोसिएशनचा कागद लागतो, आणि तो कागद चांगला आहे. माणसाला दोन दिवस थांबायला लावतो. जयस्वालने त्या थांबण्यातच विचार बदलला असेल.

मीनल_इन_मिशिगन

दादरकर, रणजी खेळणाऱ्याला सामन्याचे पैसे मिळतात. या पोरांना २०२१च्या १ जुलैपर्यंत स्वतःचं नाव वापरून एक टीशर्टसुद्धा विकता येत नव्हता. आणि 'मूळ संघाची परवानगी' म्हणजे तोच जुना जाच, फक्त मराठीत.

दादरकर_जर्सीत

आता मिळतात ना पैसे! २०२५च्या जूनमध्ये हाउस खटल्यातली तडजोड मंजूर झाली, कॉलेज स्वतः खेळाडूंना पैसे देऊ शकतं. पहिल्या वर्षी प्रत्येक कॉलेजला सगळ्या खेळांत मिळून सुमारे २.०५ कोटी डॉलरची मर्यादा. पगार घेता ना, मग महिना भरल्याशिवाय नोकरी सोडू नका. आमच्या ऑफिसात दोन आठवड्यांची नोटीस द्यावी लागते.

नागपुरी_संत्रं

दोन आठवड्यांची नोटीस देऊन तुम्ही जानेवारीतच जाता ना? की एप्रिलची वाट बघता? 😄

दादरकर_जर्सीत

... बरं. हे लागलं.

सहज_सुचलं

पैशाचा विषय निघालाच आहे तर मॅथ्यू स्लूकाचं बोला. २०२४चा सप्टेंबर, नेव्हाडा-लास व्हेगस विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक. संघ तिन्ही सामने जिंकलेला आणि हा निघाला. त्याच्या बाजूचं म्हणणं, १ लाख डॉलर कबूल केले होते, दिले नाहीत. कॉलेजकडून सांगितलं, तसा करारच नव्हता. खरं कोण, ते त्यांना ठाऊक. मला त्यात रस वेगळ्या कारणाने आहे. तो चौथ्या सामन्याच्या *आधी* गेला. पाचवा खेळला असता तर वर्ष गेलं असतं. बाईंनी सांगितलेला चार सामन्यांचा नियम दुखापत झालेल्या, नवख्या पोरांसाठी होता, याने त्याचं दार बनवलं. आणि मागे राहिलेल्यांनी ११ विजयांचा हंगाम काढला.

म्हणून मला बंड्याची बाजू पटते. नियम कुणासाठीही करा, घाई असलेला माणूस त्यातून वाट काढतो. लाज हा एकच नियम कामाचा, आणि तो कुठल्याच पुस्तकात नाही.

मीनल_इन_मिशिगन

लाज फक्त १९ वर्षांच्या पोराने बाळगायची. चालू द्या.

विद्याकाकू_पुणे

मला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. पण बंड्या, तो मुलगा गेला *का*, हे तू एकदाही लिहिलं नाहीस. तुझ्या मुलाला विचारलंस का?

बंड्या_ओहायोवाला

काकू, नव्हतं विचारलं. काल विचारलं.

मागच्या वर्षी सामन्याला ३० मिनिटं खेळायचा. या उन्हाळ्यात कोचने पोर्टलमधून एक पाचव्या वर्षाचा गार्ड आणला. हा डिसेंबरात ५-६ मिनिटांवर आला, शेवटच्या दोन सामन्यांत शून्य. कोचला दोनदा भेटायला गेला, दोन्ही वेळा 'सराव कर' एवढंच उत्तर. दुसऱ्या वेळी तेही उभ्या उभ्या, कॉरिडॉरमध्ये. हे सगळं माझ्या पोराला माहीत होतं, कारण सरावानंतर एकट्याने बास्केट मारताना चेंडू परत फेकायला तोच थांबायचा. मला बोलला नाही. 'तुम्ही आधीच ठरवलं होतं', म्हणाला.

म्हणजे ज्या पोर्टलमधून याने एप्रिलमध्ये जावं असं मी म्हणत होतो, त्याच पोर्टलने याची जागा खाल्ली. हे मला पचायला जड गेलं. तरी माझं मत तसंच आहे, नऊ पोरांना वाऱ्यावर सोडायला नको होतं. पण पहिल्या पोस्टमधला आवाज जरा खाली करतो.

आणि हो, काल ११ गुणांनी हरले. चौथ्या वर्षाचा एक वॉकऑन, म्हणजे शिष्यवृत्तीशिवाय खेळणारा, पोरगा १४ मिनिटं खेळला. चार वर्षांत एकूण तेवढा खेळला नसेल.

रजिस्ट्रारबाई

बंड्यादादा, एक विचारायचं राहिलं. हा मुलगा रीतसर नाव काढून गेला का? म्हणजे रजिस्ट्रारकडे विथड्रॉवलचा फॉर्म भरला? संघ सोडणं वेगळं आणि कॉलेज सोडणं वेगळं, ही मुलं ग्रुपवर मेसेज टाकतात आणि गाडी काढतात. फॉर्म नसेल तर या सेमिस्टरच्या सगळ्या विषयांत एफ लागेल, आणि ते गुण घेऊन एप्रिलमध्ये पोर्टलमध्ये गेला तर नव्या ठिकाणी तो पात्रच ठरायचा नाही. तुमच्या मुलाला आजच्या आज विचारायला सांगा. बहुतेक ठिकाणी बिनशेऱ्याचं नाव काढायची मुदत दुसऱ्या आठवड्यात संपते.

बंड्या_ओहायोवाला

सांगतो.

बंड्या_ओहायोवाला

भरला नव्हता. त्याला वाटलं, कोच बघतील. मुदत उद्या पाचपर्यंत. चिरंजीव सध्या त्याच्याशी व्हिडिओवर बसून फॉर्म भरतायत, जेवायला हाक मारली तर हात हलवून 'थांबा' म्हणाले. बुटांचे जोडही कुरियर करायचेत म्हणे. पत्ता विचारून घेतलाय.