पदविकेनंतर थेट द्वितीय वर्ष : गणिताचे काय करावे?

प्रश्न – सागरकन्या, मालवण

नमस्कार. मी मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनात स्थापत्य अभियांत्रिकी पदविकेच्या शेवटच्या वर्षाला शिकत असून आतापर्यंतचे गुण ७८ टक्क्यांच्या आसपास आहेत. पुढे पदवीच्या थेट द्वितीय वर्षाला प्रवेश घ्यावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. परंतु दहावीनंतर लगेच इकडे आल्यामुळे अकरावी-बारावीचे गणित माझ्या वाट्याला आलेच नाही, आणि पदवीच्या तिसऱ्या सत्रात पदविकेची मुले गणितातच अडकतात असे सगळे सांगतात. बाबांची एक छोटी होडी आहे. आम्ही इतर मागास प्रवर्गातले असून उत्पन्न बेताचे आहे. पर्यायांच्या यादीत लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचा पर्याय वर ठेवावा की मुंबईचा, याविषयीही अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर – खाडीकाठ, चिपळूण

ताई, तुमची भीती खरी आहे, कारण मी त्यातून गेलो आहे. मी वर्गात पोहोचलो तेव्हा तिसरे सत्र सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. त्या दिवशी सरांनी फळ्यावर एकापुढे एक अशी समाकलनाची (इंटिग्रेशनची) दोन चिन्हे काढली; शेजारचा मुलगा भराभर उतरवून घेत होता आणि माझी वही कोरी राहिली, कारण पदविकेत आम्ही एकाच चिन्हापर्यंत पोहोचलो होतो. आपल्या पदविकेच्या दुसऱ्या सत्रातील उपयोजित गणितात साधे समाकलन आणि पहिल्या क्रमाची अवकल समीकरणे होतात. पदवीच्या पहिल्या वर्षाला मुले त्यापुढे जाऊन आंशिक अवकलन, मॅट्रिक्सची आयगेन मूल्ये आणि बहुसमाकलन शिकतात, आणि तिसऱ्या सत्रातील लाप्लास व फुरिए ही रूपांतरे हे सर्व येते असे धरूनच सुरू होतात. म्हणून सहाव्या सत्राची परीक्षा संपल्यापासून प्रवेशफेऱ्या होईपर्यंतचे पावसाळ्याचे दिवस वाया घालवू नका. पहिल्या वर्षाच्या गणिताची दोन्ही पुस्तके एखाद्या सीनिअरकडून आणा आणि रोज दोन तास, उत्तरे न पाहता, हाताने उदाहरणे सोडवा. एवढे केलेत तर बाकी विषयांत तुम्हीच पुढे असाल; सर्वेक्षण, आरेखन आणि काँक्रीटची चाचणी हे सारे तुम्ही प्रत्यक्ष केलेले आहे.

उत्तर – एक शिक्षिका, रत्नागिरी

पात्रतेसाठी पदविकेत किमान ४५ टक्के आणि राज्यातील राखीव प्रवर्गासाठी ४० टक्के गुण लागतात, तेव्हा त्याची काळजी नको. खरी काळजी कागदपत्रांची घ्यावी. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र प्रवेशानंतर येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत वैध असावे लागते आणि जात वैधता प्रमाणपत्राला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज आजच जात पडताळणी समितीकडे द्या. गुणवत्ता असूनही केवळ या एका कागदापायी हातची जागा गेलेली मुलगी मी पाहिली आहे आणि ते दुःख अजून विसरता येत नाही.

दुसरी गोष्ट शुल्काची. २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क शासनाने पूर्ण माफ केले आहे. मात्र त्यासाठी प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या, म्हणजे व्यावसायिक प्रवेशांचे काम पाहणाऱ्या शासकीय कार्यालयाच्या, केंद्रीभूत फेरीतूनच झाला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला ही सवलत नाही. राहण्या-जेवणाचा खर्च घरूनच करावा लागतो, आणि मुंबईत तोच सर्वांत जड जातो.

सागरकन्या

मनःपूर्वक आभार, बाई आणि दादा. पर्यायांच्या यादीत लोणेरे पहिले लिहिले आणि पहिल्याच फेरीत मिळाले, तर नंतर मुंबईसाठी थांबता येईल का?

खाडीकाठ, चिपळूण

नाही. पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की तो आपोआप पक्का होतो आणि पुढच्या फेऱ्यांचा मार्ग बंद होतो, म्हणून ज्या ठिकाणी खरोखर जायचे आहे तेच वर लिहा. माझे मत विचाराल तर तुमच्या परिस्थितीत लोणेरे वर असावे. ते १९८९ साली स्थापन झालेले आपल्याच कोकणातल्या रायगड जिल्ह्यातील तंत्रशास्त्र विद्यापीठ असून मुंबई-गोवा महामार्गालगत आहे. कुडाळहून गाडीने माणगावला उतरले की पुढे एसटी मिळते. वसतिगृहाचा अर्ज मात्र प्रवेश निश्चित करण्याच्या दिवशीच द्या, कारण थेट द्वितीय वर्षाची मुले शेवटी पोहोचतात आणि तोवर बऱ्याच खोल्या भरलेल्या असतात.