कोडमधल्या ‘लायब्ररी’ला ग्रंथालय म्हणावं का?

प्रश्न

मी कोल्हापुरात बीएस्सीला आहे. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला लागून महिना झाला, नोट्स मराठीत काढते. एका ठिकाणी ‘लायब्ररी’ला ‘ग्रंथालय’ असा शब्द वाचला आणि अडखळले. ग्रंथालय म्हटलं की मला १८५० सालापासूनचं आपलं करवीर नगर वाचन मंदिर दिसतं. कोडमध्ये पुस्तकं कुठली आली? शिवाय मॉड्यूल, पॅकेज आणि लायब्ररी हे एकच का?

बाबा गावच्या दूध संस्थेत सचिव आहेत. त्यांच्यासाठी दहा दिवसांच्या बिलाचा प्रोग्रॅम लिहितेय, त्यात या शब्दांशी रोज गाठ पडते.

उत्तर

‘लायब्ररी’च लिही. कारण सांगतो, जरा लांबेल.

हा शब्द संगणकात आला तेव्हा तो अगदी चपखल होता. केंब्रिजमध्ये १९४९ साली एडसॅक नावाचा संगणक सुरू झाला. मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल ही त्यावर काम करणारी मंडळी. वर्गमूळ काढणं, आकडे छापणं अशी कामं प्रत्येकाला लागायची, म्हणून त्या कामांचे छोटे प्रोग्रॅम एकदाच नीट लिहून, तपासून कागदी फितींवर भोकं पाडून ठेवले. फिती लोखंडी कपाटात असत. हवी ती फीत काढायची, तिची नक्कल आपल्या फितीवर उतरवायची आणि मूळ फीत परत जागेवर ठेवायची. कपाट, फीत, परत ठेवणं, म्हणजे खरोखरच लायब्ररी.

आता कपाट गेलं, शब्द राहिला. आज ‘लायब्ररी’ म्हणजे दुसऱ्याने लिहून, तपासून ठेवलेला आणि आपल्या प्रोग्रॅमला बोलावता येणारा कोड. ग्रंथालयात आपण वाचायला जातो. इथे आतलं सगळं वाचायची गरज बहुधा पडत नाही. काय द्यायचं आणि काय परत मिळतं, एवढं ठाऊक असलं की काम चालतं. ‘ग्रंथालय’ या शब्दाने नवख्या माणसाचं लक्ष नेमकं वाचण्याकडे जातं, म्हणून तो मला नको वाटतो.

तुझ्या बिलाचंच घे. पहिले दोन दहावडे, म्हणजे दहा-दहा दिवसांचे हप्ते, सरळ असतात. तिसरा कधी ११ दिवसांचा, कधी १०, फेब्रुवारीत ८ नाहीतर ९. बारा महिन्यांचे दिवस तू हाताने लिहिशील, चारने भाग जाणारं साल लीप धरशील आणि शंभराचा नियम विसरशील. २१०० ला चारने भाग जातो, पण ते लीप वर्ष नाही. पायथनमध्ये ‘कॅलेंडर’ नावाचं मॉड्यूल आहे. त्यातल्या ‘मंथरेंज’ या फंक्शनला साल आणि महिना दे, त्यात हा हिशेब करून ठेवलेलाच आहे.

उरलेल्या शब्दांचं थोडक्यात: पायथनमध्ये एक फाइल म्हणजे मॉड्यूल, मॉड्यूल्सचं फोल्डर म्हणजे पॅकेज. ‘लायब्ररी’ हा सैल शब्द, वापरायला दिलेल्या अशा सगळ्या ऐवजाला म्हणतात. ‘कॅलेंडर’ पायथनसोबतच येतं, नुसतं इम्पोर्ट करायचं. ‘पांडाज’सारखी लायब्ररी आधी ‘पिप’ या साधनाने इन्स्टॉल करावी लागते. फ्रेमवर्क, म्हणजे आपला कोड ज्यात भरायचा तो तयार सांगाडा, मात्र वेगळं. लायब्ररीला आपण हाक मारतो, फ्रेमवर्क आपल्या कोडला हाक मारतं.

आणि अनेकवचन ‘लायब्रऱ्या’ कर. बॅटरी-बॅटऱ्या, डायरी-डायऱ्या, तसंच. जो शब्द आपलं अनेकवचन घेतो तो आपल्या घरचाच झाला, त्याला नवं नाव कशाला?

आणखी एक मत

मी संगणकातला नव्हे, उद्यमनगरात पॅटर्नचं, म्हणजे ओतकामाच्या लाकडी नमुन्यांचं, काम करतो. वाचून वाटलं, ही तर आमची पॅटर्नची मांडणी! लाकडी पॅटर्न एकदा करायचा, वाळूत दाबून साचा घ्यायचा, कास्टिंग ओतायचं. पॅटर्न परत फळीवर. पुढच्या ऑर्डरीला तोच.

यात एक गोष्ट बाहेरच्याला दिसत नाही. बीड (ओतीव लोखंड) गार होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न मापापेक्षा तेवढा मोठा करतात. ओतणाऱ्याला तो हिशेब मांडावा लागत नाही, पॅटर्नवाल्याने आधीच धरलेला असतो. तुमचं लीप वर्ष म्हणजे तेच की! मग ‘साचेसंग्रह’ म्हणा ना.

उत्तर

दादा, समजावून सांगायला यापेक्षा चांगला दाखला मला सापडला नव्हता. उद्या वर्गात हाच देणार. फक्त ‘साचा’ शब्दाला अडतो. वाळूचा साचा प्रत्येक कास्टिंगला फोडावा लागतो, टिकतो तो पॅटर्न. तुमच्या दाखल्यात लायब्ररी म्हणजे पॅटर्न आहे, साचा नाही. हुपरीच्या चांदीकामातला ‘ठसा’ जवळचा वाटतो, तो टिकतो आणि त्यातून नग निघत राहतात. तरी ‘ठसेसंग्रह’ म्हटलं तर कुणाला कळणार? शब्द लायब्ररी, दाखला पॅटर्नचा, असं मला बरं वाटतं.

मूळ प्रश्न विचारणारी

सर, मंथरेंज वापरलं. २०२८ चा फेब्रुवारी दिला आणि एकूण दिवसांतून २० वजा केले, तर तिसऱ्या दहावड्याचे दिवस उणे १९ आले! लायब्ररी चुकते का?

उत्तर

नाही गं. मंथरेंज दोन आकडे देतो: १ आणि २९. पहिला आकडा महिन्याच्या १ तारखेचा वार, सोमवारला ० धरून. म्हणजे १ म्हणजे मंगळवार. दुसरा आकडा महिन्याचे दिवस. तू पहिल्यातून २० वजा केलेस. काय परत मिळतं ते ठाऊक हवं म्हटलं ते यासाठीच. त्याचं वर्णन वाचायला दोन मिनिटं लागतात. कोणतंही फंक्शन पहिल्यांदा बोलावताना तेवढं वाचतच जा.

मूळ प्रश्न विचारणारी

दुसरा आकडा घेतला, ९ आले. बाबांनी २०२४ च्या फेब्रुवारीची जुनी बिलं काढली आहेत, आज संध्याकाळी आम्ही एकेक ताडून बघतो. वहीत ‘ग्रंथालय’ खोडून ‘लायब्ररी’ लिहिलं, कंसात ‘अनेकवचन: लायब्रऱ्या’. आणि बाजूला पॅटर्नच्या फळीचं चित्र काढलंय.