यादीत रस्ता आणि वीजही धरा

छोट्या उद्योगाने आपत्तींच्या यादीत आग, पूर, भूकंप एवढेच धरून तयारी केली की पुरे, असं एकांनी लिहिलंय. मला ते पटत नाही. आपत्ती आपल्याच दारात यावी लागते असं थोडंच आहे? ऑगस्ट 2019 चा महापूर आठवा. कोल्हापूरजवळच्या शिरोलीपाशी पुणे-बंगळुरू महामार्गावर पाणी आलं आणि वाहतूक कित्येक दिवस ठप्प झाली. कारखाना कोरडा असला तरी कच्चा माल वाटेत आणि कामगार गावात अडकले, तर यंत्रं चालवणार कोण? म्हणून पुरवठादार, रस्ता आणि माणसं यांना यादीत स्वतंत्र जागा द्या.

विजेचंही तसंच. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी मुंबई महानगरातली वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. तेव्हा बरेच जण घरून काम करत होते. ऑफिसातल्या जनरेटरचा त्यांना काय उपयोग!

आणि 19 जुलै 2024? ना पाऊस, ना हॅकर. क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज संगणक बंद पडले. म्हणजे सॉफ्टवेअरही यादीत हवं.

बॅकअपबद्दल, म्हणजे डेटाच्या जादा प्रतीबद्दल, मात्र कळकळीने सांगतो. जुलै 2021 मध्ये चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली होती. हिशेबाचा संगणक आणि बॅकअपची हार्ड डिस्क एकाच दुकानात असेल, तर अशा वेळी दोन्ही जातात. एक प्रत दुसऱ्या गावी ठेवाच, आणि दर तीन महिन्यांनी तिच्यावरून डेटा खरंच परत मिळतोय का, हे करून बघा.