सगळ्यात मोठी कॉइल? आधी जमीन बघा

सोनं शोधायच्या मेटल डिटेक्टरसाठी कॉइल (जमिनीवरून झुलवायची चकती) घेणाऱ्यांना 'पहिलीच कॉइल घेताय तर मोठी घ्या, खोल जाते' असा सल्ला मिळतो, तो मला अर्धाच पटतो. खोली वाढते ती मोठ्या गोळ्यासाठी. पाव ग्रॅमचा कण १८ इंची कॉइलखालून सहज निसटतो, तोच ८ इंची कॉइल खणखणीत सांगते. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात डनोली-मोलियागूलकडे १८५० च्या दशकापासून लोक खणत आलेत, त्यामुळे आता बहुतेकांच्या हाती लागतं ते बारीक सोनंच. (१८६९ मध्ये तिथे सापडलेला 'वेलकम स्ट्रेंजर' हा सोन्याचा प्रचंड गोळा तर झाडाच्या मुळांशी, अगदी वरच होता!)

आकाराइतकाच प्रकार महत्त्वाचा. मोनोमध्ये एकच वेटोळं लहर सोडतं आणि तेच ऐकतं. ती जास्त खोल जाते, पण लोहयुक्त लाल मातीत सतत कुरकुरते. तिथे दोन वेटोळ्यांची डीडी शांत राहते, थोडी खोली गमावून. मोनोचा झोत खाली निमुळता होतो, म्हणून प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी तरी चढवा. घाई केलीत तर मधली जमीन कोरीच राहते.

माझं मत विचाराल तर आधी ११ इंची मोनो घ्या. दिवसभर झुलवून खांदाही दुखत नाही.