उत्तर: थोडक्यात हुकलेलं प्रदर्शन

तुम्ही पॅरिसला २०२१च्या ऑक्टोबरमध्ये पोचलात आणि आर्क द त्रिओंफ या विजयकमानीला ख्रिस्तो या कलाकाराच्या कल्पनेनुसार गुंडाळलेलं चंदेरी-निळं कापड उतरवायला सुरुवात झालेली, ही तुमची पोस्ट वाचून अगदी सहानुभूती वाटली. आमचं याच ख्रिस्तोचं इटलीतलं काम हुकलं, तेही तारखांच्या आत असून!

२०१६च्या जूनमध्ये इझेओ सरोवरावर तीन किलोमीटरचे तरंगते रस्ते, वर गडद पिवळं कापड. सुल्झानो गावातून निघायचं आणि पाण्यावरून चालत मोंते इझोला बेटावर. तिकीट नाही, बुकिंग नाही, आणि घोळ नेमका तिथेच. सुल्झानोची वस्ती दोनेक हजार, अख्खा खेळ १६ दिवसांचा, आणि लोटले बारा लाखांच्या आसपास लोक. मिलानहून ब्रेशियाला पोचलो, सरोवराकडची गाडी तिथून, तर फलाटावर मुंगी शिरायला जागा नाही. सोबत लहान मूल, वर ऊन. आलो परत. चपला हातात घेऊन परतणाऱ्या एक आजी मात्र भेटल्या, तळपाय दाखवत हाताने लाट कशी येते ते सांगत होत्या. भाषा कळली नाही, जळफळाट तेवढा झाला.

हुकलं तर "फोटो बघा की" हा इथे वर कुणीतरी तुम्हाला दिलेला सल्ला म्हणूनच पटत नाही. पायाखाली हलणारी गोष्ट फोटोत काय कळणार? त्यापेक्षा अशा कामांसाठी मुक्काम जवळच्या गावात टाकावा आणि भल्या पहाटे निघावं. महाग पडतं, पण दुसरी संधी नसतेच. इझेओचे ते रस्ते ज्यांवर तरंगत होते ते प्लास्टिकचे घन ठोकळे, वरचं कापड, सगळं नंतर मोडून पुनर्वापराला गेलं.