पोटातल्या बाळाला टेस्टोस्टेरॉन बनवायला सांगतं कोण?

ऐरोली_लोकल: रोज ऐरोली-ठाणे गाडीत नोट्स उघडतो आणि रोज याच पानावर अडतो. गर्भाच्या वृषणात म्हणे ८-९ आठवड्यांपासूनच टेस्टोस्टेरॉन बनतं. पण मोठ्या माणसात पिट्युटरीतून (मेंदूखालची ती छोटी ग्रंथी) एलएच हे हार्मोन आलं की मग वृषणातल्या टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या लायडिग पेशी कामाला लागतात ना, मग एवढ्याशा जिवाची पिट्युटरी इतक्या लवकर चालू असते का? सरांना विचारलं तर म्हणाले पुढच्या लेक्चरला सांगतो, ते लेक्चर अजून यायचंय 😅

लॅबवाली_वाशी: पिट्युटरी नाही रे, वार! वारेतून एचसीजी येतं, तेच जे प्रेग्नन्सीच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटवतं. एलएच आणि एचसीजीचा रिसेप्टर (पेशीवरची हार्मोन बसायची जागा) एकच, त्यामुळे लायडिग पेशींना फरक कळतच नाही. आणि एचसीजीचा जोर साधारण ८-१० आठवड्यांतच सगळ्यात जास्त, म्हणजे टायमिंग बघ. बाळाची स्वतःची पिट्युटरी नंतर सूत्रं हातात घेते.

कोपरीकर: बरोब्बर. म्हणूनच ज्या मुलग्यांची पिट्युटरी जन्मतःच काम करत नाही त्यांचं लिंग मुलग्यासारखंच घडतं, फक्त आकाराने लहान राहू शकतं किंवा वृषणं खाली उतरत नाहीत, कारण घडण वारेच्या जिवावर होऊन गेलेली असते आणि पुढची वाढ पिट्युटरीवर असते. अजून एक, सगळं श्रेय टेस्टोस्टेरॉनला देऊ नकोस, परीक्षेत इथेच मार्क जातात. १९४७ साली आल्फ्रेड जोस्त या फ्रेंच माणसाने सशाच्या गर्भातली वृषणं पोटातच काढली तर नराची पिल्लंही मादीसारखी घडली, मग नुसतं टेस्टोस्टेरॉन देऊन पाहिलं तर नराच्या नळ्या टिकल्या पण गर्भाशय ज्यातून बनतं त्या नळ्या काही गेल्या नाहीत. त्या घालवणारं हार्मोन वेगळं, एएमएच, आणि ते वृषणातल्याच सर्टोली पेशी बनवतात.

नुसता_वाचक: मग आईच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन मोजून मुलगा की मुलगी कळेल?

लॅबवाली_वाशी: नाही कळत. बाळाचं बरंचसं वारेतच इस्ट्रोजेन होऊन जातं, आणि आईचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन गरोदरपणात वाढतंच, मुलगी असली तरी. आणि दादा, लिंगनिदान आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, हा प्रश्न इथे नको.

ऐरोली_लोकल: वार! आणि मी चार दिवस पिट्युटरीची आकृती पाठ करत बसलो होतो. मग जन्मल्यावर वार गेली की टेस्टोस्टेरॉन बंदच पडत असेल ना?

कोपरीकर: पहिल्यांदा घसरतं, पण पिट्युटरी जागी होते आणि १ ते ३ महिन्यांत परत चांगलंच वर जातं, त्याला मिनिप्युबर्टी म्हणतात. मग वयात येईपर्यंत सामसूम.