एकट्यानं पाणी कमी करून काय उपयोग?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. वाळवा तालुक्यात दोन एकर ऊस आहे, ड्रिप करून तीन वर्षं झाली. आजूबाजूला सगळे मोकाट पाणी सोडतात, आमच्या पाणी उपसा स्कीमची पाणीपट्टी एकरावर आहे त्यामुळं कमी वापरलं तरी पैसे तेवढेच, मग रात्री मोटार बंद करायला कोण उठतंय. वरच्या रानातलं पाणी झिरपून माझ्या सऱ्यांत येतंच. परवा बघितलं तर बांधाजवळ पांढरा थर, मीठ सांडल्यासारखा, आणि तिथला ऊस गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडलाय. भाऊ म्हणतो तुझ्या एकट्याच्या ड्रिपनं कृष्णाकाठ वाचणार आहे का, सोड तू पण. मला उत्तरच सुचलं नाही. खरंच काय फरक पडतो?

पलूसचा:
दादा, हिशोबानं भाऊ चुकीचा नाही. जमिनीखालून सच्छिद्र पाईप टाकून निचरा केल्याशिवाय जादा पाण्यानं वर आलेला तो पांढरा क्षार सहसा हटत नाही, आणि ते पाणी ओढ्यापर्यंत न्यायला चार जणांच्या रानातून लाईन जाते. एकट्याचं कामच नाही ते.

खालचं रान:
मी अशाच एका रानाच्या खाली कसतो. सगळे वरच्याकडं बोट दाखवतात, आपल्या खाली कोण आहे ते कुणी बघत नाही. माझे वीस गुंठे चोपण, म्हणजे क्षारानं नापीक झाले, आता तिथं वेड्या बाभळी आहेत. वरच्या एकानं पाणी कमी केलं असतं तर ते वाचलेच असते असं मी म्हणत नाही, पण त्यातलं थोडं पाणी त्याचं होतं हे मला माहितीय आणि त्यालाही. तुमच्या खालच्या बांधावर एकदा जाऊन या.

कराडकर:
कर्मवीर भाऊराव अण्णांनी 1919 ला कराडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, पुढं बोर्डिंगच्या पोरांसाठी मुष्टी फंड चालायचा, बायका दळणातलं मूठभर धान्य बाजूला काढायच्या. एका मुठीत एका पोराचं एक वेळचं जेवणही होत नाही. शेजारणीनं टाकली का बघत बसल्या असत्या तर मडकं रिकामंच राहिलं असतं ना. पण ती मूठ गोळा करायला दारात कुणीतरी यायचं, हेही तेवढंच खरं. तुमची मूठ टाकून झालीय, आता दारोदार जायचं काम राहिलंय, आणि ज्यानं स्वतः ड्रिप केलंय त्याचंच लोक ऐकून घेतील.

कृष्णाकाठ:
जाऊन आलो. खाली एका मावशींचा भुईमूग आहे, अजून पांढरं दिसत नाही. तीन वर्षांत एकदाही तिकडं गेलो नव्हतो. आज संध्याकाळी वरच्या काकांकडं पाईपलाईनचं बोलायला जातोय, भाऊ पण येतो म्हणाला. कुणी चार-पाच जणांत मिळून निचरा केला असेल तर खर्च कसा वाटून घेतला ते सांगा, एकरावर की ज्याचं रान जास्त खराब त्याचा जास्त?